बेडरूम : सव्वीस अंश

गुरुवारी सकाळी हेमकांतभाऊ मोटरसायकलवर शहाद्याला गेले, ते एक पार्सल आणायला. दुसरं काही काम नव्हतं. तारीख नऊ जानेवारी, साल दोन हजार पंचवीस, पौषातली दशमी. तारखेविषयी शंका नको. कुरियरच्या पावतीवर ती आहे आणि पावती त्यांनी अजून कपाटात ठेवली आहे. बाकीच्या गोष्टींविषयी शंका घ्यायला हरकत नाही. सांगणाराही त्या घेऊन घेऊन थकला आहे. पण माणूस ओळखीचा आहे, थापा मारणारा नाही, आणि भित्रा तर मुळीच नाही. तेवढं धरून ऐका. आणि कोणीतरी तो दरवाजा ओढून घ्या रे, वारा आत येतोय.

तर हेमकांतभाऊ. कळसाडीचे, गुजर घरातले, वय सहासष्ट. साखर कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं सांभाळली. रस किती तापला, वाफेचा जोर किती, सगळं त्यांच्या काट्यांवर. त्यांचा एक ठाम समज होता : माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली बस लिलावात घेतली आणि दोन वर्षं खळ्यात उभी करून तिचं घर केलं. आत पलंग, ओटा, शेगडी, बेसिन. छतावर सोलर. पलंगाखाली गॅसवर चालणारा हीटर. गाव तिला घरगाडी म्हणायचं. मागच्या बाजूला नव्या रंगाखालून 'शाळेची बस, सावकाश चला' ही अक्षरं अजून दिसायची.

हा सगळा खटाटोप हेमांगीताईंसाठी. त्यांना बर्फ बघायचा होता. "बासष्ट वर्षांत बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसात," असं त्या म्हणायच्या. हेमकांतभाऊंनी शब्द दिला होता : आपल्या गाडीतून, आपल्या पलंगावर झोपत झोपत, हिमालयापर्यंत.

अडचण दम्याची. मागच्या हिवाळ्यात दोघं सरावासाठी म्हणून तोरणमाळला गेले. हीटर कधी पेटवायचा आणि कधी विझवायचा हे ठरवणारी एक चकती भिंतीवर होती. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. ती जुनी होती, आळशी होती. पहाटे चारला गाडीत अकरा अंश झाले तरी तिला जाग आली नाही. हेमांगीताईंचा श्वास कोंडला. हेमकांतभाऊंनी अंधारात घाट उतरवून त्यांना शहाद्याच्या दवाखान्यात आणलं. रस्त्यातल्या त्या दीड तासाबद्दल दोघंही कधी बोलत नाहीत.

पुण्याला नोकरी करणारी मुलगी, भूमिका, तिनं मग पाय रोवला. "बाबा, आईला त्या डब्यात पुन्हा न्यायचं नाही. विकून टाका." सुरतचा एक माणूस बस घ्यायला तयारही होता. महिनाभर बापलेकीचं फोनवर वाजलं. शेवटी तिनंच तोड काढली. नवा, स्मार्ट थर्मोस्टॅट पाठवते. मोबाईलवर चालतो, दर पाच मिनिटांचं तापमान लिहून ठेवतो, पुण्यात बसून दिसतं.

"एक रात्र, बाबा. गाडी शेतात लावा आणि एकटे झोपा. मी सकाळी उठून आलेख बघणार. रेषा रात्रभर चोवीसवर राहिली, तर न्या आईला. हलली, तर बस सुरतला."

"हलली तर मिशी काढेन," हेमकांतभाऊ म्हणाले.

"मिशी राहू द्या. बस द्या."

तेच पार्सल आणायला ते गेले होते.

दुपारी त्यांनी जुनी चकती काढली, चार तारा जोडल्या आणि नवा थर्मोस्टॅट बसवला. गोल, काळ्या काचेचा, आत निळे आकडे. खोक्यात साबणाच्या वडीएवढे दोन पांढरे सेन्सरही होते. भिंतीपासून लांब कुठंही ठेवावेत, तिथलं तापमान ते बिनतारी कळवतात. कारखान्यातूनच एकाचं नाव 'लिव्हिंग रूम' दिलेलं होतं आणि दुसऱ्याचं 'बेडरूम'. हेमकांतभाऊंनी चाळीस पानांचं माहितीपुस्तक दोनदा वाचलं. पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. आणि मग त्यांनी ती गोष्ट केली.

केळीवाल्या माणसाच्या हातात थर्मामीटर द्या. तो आधी बागेत जाईल, मग तापलेल्या पोराकडे. बावीस फुटांच्या गाडीत दोन सेन्सर कशाला, असा हिशेब त्यांनी केला. शेतात पाच एकर केळी. हवामानखात्यानं थंडीची लाट सांगितलेली. पारा आठच्या खाली गेला की केळीची वाढ अडते, पानं करपतात, घड चिरतो. हा दुसरा सेन्सर बागेत टांगला तर पलंगावर पडल्या पडल्या बागेचं तापमान दिसेल. त्यांनी तो बांधाकडून तिसऱ्या ओळीत, एका निसवलेल्या, म्हणजे नुकताच घड बाहेर पडलेल्या झाडाला, छातीच्या उंचीवर सुतळीनं बांधला. नाव बदलायचं राहिलं. पडद्यावर ते 'बेडरूम' असंच दिसत होतं. त्यांना त्याची गंमत वाटली.

संध्याकाळी घरगाडी बागेच्या बांधाला लावत असताना भिकुबाई आली.

आता भिकुबाई कोण, ते सांगायला हवं. तिचा नवरा दिवाल्या धडगावकडच्या डोंगरातला. बावीस वर्षं तो हेमकांतभाऊंच्या घरी सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांची सालं बदलायची, दिवाल्याचं घर तेच राहायचं. थंडीच्या लाटेत केळीवाले काय करतात हे तुम्हाला माहीत आहे : बांधाबांधाला वाळली पानं आणि ओला कचरा पेटवतात, रात्रभर धूर करतात, धुराच्या पांघरुणाखाली बाग ठेवतात. सतरा वर्षांपूर्वीच्या एका रात्री पारा चारवर आला. हेमकांतभाऊ कारखान्यात रात्रपाळीला. दिवाल्यानं एकट्यानं पाच एकरांच्या चारी बाजू पेटत्या ठेवल्या. बाग वाचली. सकाळी दिवाल्या बांधाच्या कोपऱ्यावर, विझलेल्या राखेसमोर गार पडलेला सापडला. डॉक्टरांनी कागदावर 'थंडी' एवढंच लिहिलं.

भिकुबाईनं काही मागितलं नाही. एकच गोष्ट सांगितली : दर साली पहिल्या थंडीला पहिली शेकोटी त्या कोपऱ्यावर लागावी, आणि ती मालकानं आपल्या हातानं लावावी. हेमकांतभाऊ लावत आले. विश्वास नव्हता, पण लावत आले.

"भाऊ," भिकुबाई म्हणाली, "आज शेकोटी नई का?"

"आज नको. उद्या लावू."

"पहिली थंडी तं आज शे."

"बाई, बागमा सेन्सर टांगेल शे. जवळ आग लावी तं आकडा खोटा येस. आज मन्ही परीक्षा शे."

भिकुबाई त्या पांढऱ्या वडीकडे बघत राहिली. "हाऊ डबा थंडी रोखी का?"

"रोखाव नई. सांगी."

"सांगनारा तं गावमा बक्कळ शेतस," ती म्हणाली आणि आपल्या झोपडीकडे निघाली. चार पावलांवर थांबली. "त्याले काय सांगू?"

"कोनले?"

ती चालू लागली.

हेमकांतभाऊंना राग आला. खरं सांगायचं तर जरा जास्तच आला, आणि माणसाला जास्त राग कधी येतो हे तुम्हालाही कळतं. ते घरी डबा घ्यायला गेले तेव्हा हेमांगीताईंनी चेहरा बघूनच विचारलं. त्यांनी सांगितलं.

"मग लावायची ना एक काडी," हेमांगीताई म्हणाल्या.

"रेषा हालनी तं भूमिका बस विकी."

"इकडे पलंग शे, गोधडी शे, बायको शे, आनि तुम्हले बसमा झोपानं शे." त्या हसल्या, पण डबा भरून दिला. दारात म्हणाल्या, "दखा, मी बर्फ नई पाहिला तरी चाली. तुम्ही सकाळले या."

"बर्फ पाहशी," हेमकांतभाऊ म्हणाले. "आकडा दखाडी देसू."

रात्री नऊला गाडीत गेले. खिडक्या घट्ट लावल्या. छताजवळ हवेसाठी ठेवलेली एक जाळी होती, तिच्यातून गार झोत येत होता. रेषा सरळ हवी म्हणून त्यांनी तिच्यात जुन्या सतरंजीचा तुकडा कोंबला. तेहतीस वर्षं यंत्रं सांभाळलेला माणूस. कोणी दुसऱ्यानं असं केलं असतं तर त्यांनी कानाखाली वाजवली असती.

साडेनऊला आकडे छान होते. गाडीत चोवीस. बागेत, म्हणजे 'बेडरूम'मध्ये, नऊ. त्यांनी भूमिकेला फोन केला.

"दिसतंय का?"

"दिसतंय. बेडरूम नऊ कसं?"

"तो सेन्सर बागेत आहे. तिकडे बघू नको."

"बाबा, तुम्ही पण ना! सगळीकडे केळी. मी अकराला झोपते. सकाळी बोलू."

दहा वाजता हीटर पुन्हा पेटला. त्याची एकसुरी घरघर सुरू झाली. हेमकांतभाऊ समाधानानं पलंगावर आडवे झाले. तो आवाज ऐकत ऐकत त्यांचा डोळा लागला. घरघर थांबली नाही. अकराला थांबली नाही. बाराला थांबली नाही. पण ते बघायला कोणी जागं नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांना जाग आली.

आवाजानं नाही. आवाज थांबल्यानं. कारखान्यात रात्रपाळ्या केलेल्या माणसाला विचारा, गिरणी धडधडत असते तेव्हा तो खुशाल डुलकी घेतो. ती बंद पडली की खाडकन उठतो. तसे ते उठले. हीटर विझला होता.

डोकं फुटत होतं. सदरा घामानं चिंब. जीभ लाकडासारखी. ताप आला असेल, असं वाटलं. भिंतीकडे पाहिलं. काळ्या काचेत निळा आकडा.

बेडरूम : २६.

त्यांनी डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. सव्वीस.

बागेत? पौषात, रात्री दोनला?

काचेला हात लावला. आतून गरम, पण पलीकडे दवाचे ओघळ. बाहेर मरणाची थंडी होती. मग त्यांना कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं : सेन्सरपाशी कोणीतरी शेकोटी पेटवली आहे. मुद्दाम. आकडा बिघडवायला. म्हातारीनं ऐकलं नाही. स्वतः आली असेल, नाहीतर कोणाला धाडलं असेल.

"थांब," ते म्हणाले. "थांब, तुले दखाडतो."

काठी घेतली, बॅटरी घेतली, मोबाईल घेतला. उभे राहिले आणि भिंत धरावी लागली. पाय आपले नव्हते. दार ढकललं, पायरी चुकली, ढेकळांत गुडघ्यांवर पडले. तिथंच ओकले. दोनदा. गार हवा छातीत शिरली, ती सुरीसारखी. तसेच पडून राहिले असते, पण राग होता. रागानंच उभं केलं.

चंद्र पश्चिमेला टेकलेला. धुकं केळीच्या पानांपर्यंत उतरलेलं. भिकुबाईच्या झोपडीचं दार बंद, आत अंधार.

धुराचा वास नव्हता.

हे त्यांच्या दुसऱ्या ओळीत लक्षात आलं. धूर नाही. उजेड नाही. पानं तडतडत नाहीत. मोबाईल पाहिला. सव्वीस. मघाशी सव्वीस. आताही सव्वीस. शेकोटीचा आकडा कधी असा राहत नाही. आग वर जाते, खाली येते. हा आकडा हलतच नव्हता.

तिसरी ओळ.

बॅटरी मारली. झाडाचा बुंधा. सुतळी. सुतळीची गाठ, त्यांनीच मारलेली.

सेन्सर दिसत नव्हता.

त्याच्याभोवती दोन हात होते.

वाऱ्यात दिवा धरावा तसे धरलेले. ओंजळीत. काळे, भेगाळलेले हात. मनगटांपासून वर घोंगडी. घोंगडीखाली पाठ. पाठच. चेहरा झाडाकडे.

हेमकांतभाऊंच्या तोंडातून वाफ निघत होती. समोरून… नव्हती.

"कोन शे?"

…

"भिकुबाईनी धाडं का तुले?"

…

"आयकू येस का नई? सोड. मन्हा सेन्सर शे तो."

हात हलले नाहीत. पान हललं नाही. कुठं कुत्रं भुंकलं नाही. पाय म्हणत होते, पळ. हेमकांतभाऊंनी काठी मातीत रोवली. दोन्ही हातांनी धरली. दात वाजत होते, ते त्यांनी आवळले.

"मी आठेच उभा शे," ते म्हणाले. "पळनारा मी नई. तुले जे करानं शे ते कर. मन्ही बाग. मन्ही गाडी. मन्ही बायको बर्फ पाही. समजनं का?"

…

बॅटरी पिवळी पडली. घोंगडीच्या काठाला एक ठिगळ होतं. निळ्या चौकटीचं. ते कापड त्यांनी ओळखलं. त्यांच्याच जुन्या सदऱ्याचं होतं.

"दिवाल्या?"

हात सुटले.

हळू. कोणी मागितली म्हणून वस्तू परत द्यावी, तसे. आधी एक. मग दुसरा.

मोबाईलवरचा आकडा उतरू लागला. पंचवीस… बावीस… सतरा… अकरा…

आणि पाठीमागे गाडीत, भप्प करून, हीटर पेटला.

त्या आवाजासरशी हेमकांतभाऊंना सगळं कळलं. एका क्षणात, पेन्सिलीच्या खुणेसकट. एकतिसावं पान : रात्री दहानंतर यंत्र बेडरूमच्या सेन्सरचं ऐकतं. त्यांनी ते वाचलं होतं, मान डोलावली होती, योग्यच आहे म्हणाले होते. आणि बेडरूम बागेत टांगलं होतं. दहापासून यंत्र पाच एकर केळी चोवीस अंशांवर आणायला झटत होतं. बागेत सहा अंश, म्हणून हीटर जळत राहिला. गाडी बंद. जाळीत सतरंजी. चार तास एकाच कोंडलेल्या हवेत गॅस जळत होता आणि त्या हवेत ते झोपले होते. डोकं तापानं फुटत नव्हतं, त्या विषारी हवेनं फुटत होतं. सेन्सर कोणी ऊबदार केला नसता तर हीटर थांबला नसता. घरघर थांबली नसती. त्यांना जाग आली नसती.

ते धावले. गाडीच्या मागची पेटी उघडली, सिलिंडरची चावी फिरवली. दोन्ही दारं सताड उघडली, सतरंजी ओढून फेकली. आतली हवा तोंडावर आली, जड, कुजकी. ते श्वास रोखून बाहेर आले आणि परत बागेत गेले. हो, परत गेले. घरी पळायला रस्ता मोकळा होता, वीस मिनिटांचा. गेले नाहीत.

तिसऱ्या ओळीत कोणी नव्हतं. सेन्सर सुतळीला लोंबत होता. हलत होता.

वारा नव्हता.

हेमकांतभाऊंनी वाळली पानं गोळा केली. कवेत मावतील तेवढी. बांधाच्या कोपऱ्यावर आणून टाकली. तीन काड्या वाया गेल्या. चौथी लागली. धूर उठला, बागेकडे झुकला.

"हाई ले," ते अंधाराला म्हणाले. "उशीर व्हयना. मन्ही चूक." मग थोडं थांबून म्हणाले, "पन मी घाबरेल नई. ध्यानमा ठेव."

आणि पहाटेपर्यंत तिथं बसले. शेकोटी विझू दिली नाही.

धूर पाहून भिकुबाई आली. त्यांनी तिला सांगितलं, काही न लपवता. ती उकिडवी बसली, काटकीनं निखारे वर काढत राहिली. एवढंच म्हणाली, "त्याना हात कायम गरम ऱ्हायेत. लगीनमा धरा तवापासून." आणि पदर तोंडाला लावला.

सात वाजता पुण्याहून फोन. भूमिका रडत होती. "बाबा, गाडीत बारा ते दोन एक्केचाळीस अंश होतं! हीटर चार तास बंदच झाला नाही. तुम्ही… तुम्ही नीट आहात ना?"

"आहे."

"आणि बागेचं काय झालं? सहा, सहा, सहा, आणि एकदम सव्वीस. पंचवीस मिनिटं एक रेषा, बाबा, पट्टीनं ओढल्यासारखी. शेकोटी लावली होती का?"

"तेव्हा नाही. नंतर लावली."

"मग?"

हेमकांतभाऊंना सोपं होतं सांगणं, की सेन्सर बिघडला. काटा खोटं बोलला. त्यांनी तसं सांगितलं नाही. चूक कोणाची ते सांगितलं, पानाच्या आकड्यासकट. जे पाहिलं तेही सांगितलं.

"बाबा, बस सुरतला," शेवटी ती म्हणाली.

तेव्हा हेमांगीताई शेतात पोचल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. "भूमिका, आयक. मानूस चुकना, मशीन नई चुकनं. तो सेन्सर मी मन्हा उशाले ठेवसू. जाळी उघडी ठेवसू. आनि मी जासूच. त्याले जर मारानंच ऱ्हातं, तं त्यानी जागं कसाले करं असतं?"

"आई, अगं भूत…"

"भूत नई. आपला सालदार शे. रिकामा बोलू नको."

फोन ठेवून त्या हेमकांतभाऊंकडे वळल्या. "आनि तुम्ही. मिशी काढा."

मिशी निघाली. संक्रांतीनंतर, सोळा तारखेला, घरगाडी निघाली. जाळी उघडी, सेन्सर उशाशी. फेब्रुवारीत त्यांचा फोटो आला : गुडघाभर बर्फात हेमांगीताई, हातात बर्फाचा गोळा, नवऱ्यावर नेम धरलेला. शेजारी बिनमिशीचे हेमकांतभाऊ, ओळखूच येत नाहीत.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. विचार करणाऱ्या माणसाला यातलं बरंचसं उलगडता येतं. कोंडलेल्या हवेत मेंदूला काय काय दिसतं, यावर पुस्तकं आहेत. सेन्सरही बिघडतात. सांगणाऱ्यानं हे सगळं हेमकांतभाऊंपुढे मांडून पाहिलं आहे. ते ऐकून घेतात. मग त्या शुक्रवारची दुपार सांगतात.

शुक्रवारी दुपारी ते सेन्सर सोडवायला बागेत गेले. एकटेच. तिसरी ओळ, तेच झाड. त्या झाडाचा घड निसवून जेमतेम वीस दिवस झाले होते. गुरुवारी सेन्सर बांधताना केळी होती करंगळीएवढी, हिरवी, टोकाला वाळलं फूल. भरायला तीन महिने, आणि झाडावर आपण घड कधी पिकू देत नाही.

त्यांनी सुतळी सोडली. सेन्सर खिशात घातला. वर पाहिलं.

चारी बाजूंना हिरवी बाग. पाच एकर, एकही पिवळं केळं नाही. आणि या एका झाडावर पूर्ण घड. आठ फण्या. भरलेला. पिवळाधमक.

पोपटांनी चोच लावली नव्हती.

सेन्सर सोडवण्याआधी मोबाईलवर बागेत चौदा अंश दिसले होते. सावली होती, वारा गार होता. हेमकांतभाऊंनी हात वर केला आणि घडाला लावला.

गरम होता.